मांजर, उंदीर आणि तिसरा

मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो, ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी इतकी रुळली आहे की तिच्यातील न्यायदृष्टीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. एकाच घटनेची दोन वर्णने ती शेजारी ठेवते. बलवानाच्या बाजूने पाहिले तर ती करमणूक असते, दुबळ्याच्या बाजूने पाहिले तर मरण. निवाडा करणारा कोणी मध्ये नाही. म्हणीत पात्रे दोनच, आणि त्यामुळे आपली सहानुभूतीही झटकन ठरून जाते. पण घर कोणाचे, मांजर कोणी आणि कशासाठी पाळले, उंदीर ज्या कणगीकडे धावतो ती कोणाची, ह्याची चौकशी म्हण करीत नाही. म्हणीने ती करावी अशी अपेक्षाही नाही. मात्र गोष्ट सांगणाऱ्याला ती चौकशी टाळता येत नाही. तो टाळू पाहतो तेव्हाही ती कोठून तरी आत शिरते. मांजर आणि उंदीर ह्यांच्या दोन गोष्टींच्या आधाराने हा विचार मांडण्याचा येथे प्रयत्न आहे. त्यांतील एक महाभारताच्या शांतिपर्वातील आहे, दुसरी नऊ मिनिटांच्या एका अमेरिकन कार्टूनपटाची.

कार्टूनपट आधी घेऊ, कारण तो वाचकांपैकी बहुतेकांनी ह्या ना त्या रूपात पाहिलेला असतो. १० फेब्रुवारी १९४० रोजी मेट्रो-गोल्डविन-मेयर ह्या कंपनीने 'पुस गेट्स द बूट' नावाचा लघुपट प्रदर्शित केला. पुढे जगभर 'टॉम अँड जेरी' म्हणून ओळखल्या गेलेल्या जोडीचे हे पहिले दर्शन होय. ती नावे मात्र त्यात नाहीत. बोक्याला 'जॅस्पर' म्हणून हाक मारली जाते आणि उंदराला पडद्यावर नावच नाही. कथा साधी आहे. बोका उंदराला पकडतो, सोडतो, शेपटीवर पाय देऊन थांबवतो, पुन्हा सोडतो. एकदा तर तो भिंतीवर बिळाचे खोटे तोंड रंगवतो आणि जीव घेऊन पळणारा उंदीर त्या रंगवलेल्या दारावर आपटतो. येथपर्यंत आपल्या म्हणीचाच विस्तार झाला. मग पळापळीत घरातली एक वस्तू फुटते, मोलकरीण येते आणि बोक्याला बजावते की आणखी एक जरी वस्तू फोडलीस तर घराबाहेर काढीन. उंदीर ते ऐकतो आणि क्षणात खेळ उलटतो. उंदीर काचेचा पेला कडेवर आणून धरतो आणि बोका जागच्या जागी गोठतो. पेला पडेल तेथे उशा पसरण्याची, बशा झेलण्याची, हातांत त्यांची चळत सावरण्याची पाळी आता बोक्यावर येते. शेवटी व्हायचे ते होते, बशा फुटतात, बोका बाहेर जातो आणि उंदीर आपल्या बिळात सुखाने परततो.

उंदीर बलवान झालेला नाही, हे येथे नीट पाहण्यासारखे आहे. त्याच्या अंगी बोक्याइतके बळ आलेले नाही, बोक्याचे मनही पालटलेले नाही. बदल एवढाच झाला की बोक्याला कोणाची तरी भीती आहे हे उंदराला कळले. ज्ञानाने दुबळ्याला सामर्थ्य येते असे आपण भाषणात म्हणतो. येथे ते ज्ञान कसले आहे हेही दिसते. ते सत्याचे किंवा न्यायाचे ज्ञान नाही. आपल्या शत्रूच्या डोक्यावर कोण बसले आहे, एवढेच ते ज्ञान आहे.

ह्या लघुपटांविषयी जो नैतिक प्रश्न नेहमी विचारला जातो तो निराळा आहे. हातोड्याने डोके चपटे होते, शेपटीला आग लागते, दात खळाखळा गळतात. असे पाहून मुले हसतात ती क्रूर होत नाहीत काय, असे पालक आणि शिक्षक विचारतात. ह्या प्रश्नात मला फारसा अर्थ दिसत नाही. भरताने करुणाचा स्थायिभाव शोक मानला, आणि शोकाला काहीतरी कायमचे गमावलेले असावे लागते. ज्याचे चपटे झालेले डोके पुढच्या दृश्यात पूर्ववत होते त्याच्यासाठी शोक करायचा तरी कसा? अभिनवगुप्ताने रसाभासातून हास्य निर्माण होते असे म्हटले; बोक्याचा क्रोध हा रौद्राचा आभास आहे, रौद्र नव्हे, म्हणून त्यातून हसू फुटते. फ्रेंच तत्त्वज्ञ हेन्री बर्गसाँ ह्याने १९०० साली हास्यावर लिहिलेल्या ग्रंथात हसणाऱ्याचे हृदय तेवढ्यापुरते बधिर होते असा विचार मांडला होता. तो मान्य केला तरी मुलाची बधिरता कोणत्या वस्तूविषयी असते हे पाहावे लागेल. चार वर्षांच्या मुलाला रंगवलेला बोका आणि दारात म्यांव करणारे मांजर ह्यांतील फरक नीट कळतो. पहिल्याला तो हसतो, दुसऱ्याला दूध घालतो. क्वचित शेपूटही ओढतो, पण शेपूट ओढण्याची परंपरा सिनेमाहून बरीच जुनी आहे.

तेव्हा ह्या जगात कोणाचाही जीव जात नाही, हे मान्य करू. म्हणीचा उत्तरार्ध येथे रद्द झाला आहे. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) कलाविचाराला दोन ध्रुव असल्याचे दाखवून दिले: कलेला जीवनापासून अलग, स्वायत्त मानणारा अलौकिकतावादी ध्रुव आणि तिला जीवनाच्या व्यवहारात पाहणारा लौकिकतावादी ध्रुव. शुद्ध अलौकिकाचे उदाहरण शोधायचेच तर अशा कार्टूनपटाकडे बोट दाखवता येईल. गुरुत्वाकर्षणही येथे पात्राने खाली पाहिल्यावरच लागू होते. परंतु ह्या अलौकिक घराला एक दार आहे आणि त्या दारातून पावले आत येतात. ती पावले मोलकरणीची आहेत.

तिच्याकडे वळण्यापूर्वी शांतिपर्वात जाऊन येणे आवश्यक आहे, कारण तेथेही अशीच पावले वाजतात. आपद्धर्माच्या प्रकरणात युधिष्ठिर विचारतो की चारी बाजूंनी शत्रू असताना राजाने कसे वागावे, आणि भीष्म उत्तरादाखल एक गोष्ट सांगतात. अरण्यातील एका मोठ्या वडाच्या मुळाशी पलित नावाचा उंदीर शंभर तोंडांचे बीळ करून राहत होता. त्याच झाडावर लोमश नावाचा बोका पक्षी खाऊन राहत होता. परिघ नावाचा चांडाळ रोज संध्याकाळी तेथे जाळे लावून जाई आणि पहाटे येऊन सापडलेली जनावरे नेई. एके रात्री लोमश जाळ्यात सापडला. पलित निर्धास्तपणे बाहेर आला, जाळ्यावरचे आमिषाचे मांसही खाऊ लागला. इतक्यात त्याला खाली हरित नावाचे मुंगूस आणि वर फांदीवर चंद्रक नावाचे घुबड दिसले. तेव्हा त्याने बोक्याशी करार केला: तू मला आश्रय दे, मी तुझे पाश तोडतो. बोक्याच्या कुशीत उंदीर बसलेला पाहून मुंगूस आणि घुबड निराश होऊन निघून गेले. आता बोका घाई करू लागला, पण उंदीर पाश सावकाश कुरतडत राहिला. एवढ्यात सोडवले तर मला तुझेच भय आहे, असे त्याने स्वच्छ सांगितले. पहाट झाली, कुत्र्यांसह परिघ येताना दिसला, आणि त्याच क्षणी पलिताने शेवटचा दोर तोडला. बोका झाडावर पळाला, उंदीर बिळात. मग बोक्याने गोड बोलून मैत्रीसाठी हाक मारली. पलित बिळातूनच उत्तर देतो आणि ते उत्तर फार दीर्घ आहे. मैत्री आणि वैर कार्यावरून ठरतात, कार्य संपले की त्यांचे रूप बदलते, आणि बलवान भुकेला असताना दुबळ्याने त्याच्या प्रेमावर भिस्त ठेवू नये, असा त्याचा आशय आहे.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीतही हा संवाद आपले मोठे स्थान राखून आहे. राजनीतीच्या अभ्यासकांनी त्याकडे संधी-विग्रहाचा पाठ म्हणून पाहिले आहे आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यात आणि हॉलिवूडच्या त्या लघुपटात एकच यंत्रणा काम करताना दिसते. दोन्हीकडे उंदराचा बचाव एका तिसऱ्याच्या भरवशावर चालतो. पलिताला परिघ केव्हा येणार हे ठाऊक आहे, जॅस्परच्या उंदराला मोलकरीण काय म्हणाली हे ठाऊक आहे. तिसऱ्याची वेळ साधणे हीच दोघांची विद्या. मांजर आणि उंदीर ह्यांचे द्वंद्व असे आपण समजतो ते वस्तुतः त्रिकोणाचे राजकारण आहे.

आणखी एक साम्य आहे आणि ते अधिक अस्वस्थ करणारे आहे. दोन्ही गोष्टींत हा तिसरा, ज्याच्या येण्याने बोक्याचे काळीज थरथरते, समाजाच्या अगदी तळाच्या पायरीवरचा आहे. परिघ चांडाळ आहे. महाभारतकार त्याचे वर्णन विक्राळ, कुत्र्यांनी वेढलेला, जणू यमाचा दूत असे करतात. तो जाळी का लावतो ह्याचे उत्तर उघड आहे: त्याचे पोट त्यावर आहे. पण त्या पहाटे तो रिकाम्या हाताने परत जातो, ह्याची नोंद कवी एखाद्या ओळीत करतो आणि पुढे सरकतो. त्याच्या घरी त्या दिवशी काय शिजले हे विचारणे कथेच्या चौकटीत बसत नाही. ही गोष्ट एक सेनापती एका राजाला सांगत आहे, आणि ज्या अरण्यात हे सारे घडते त्या अरण्यावर सत्ता अशाच कोणा राजाची असते, हेही विसरू नये. भय मात्र राजाचे वाटत नाही, फासेपारध्याचे वाटते.

तसेच १९४० च्या त्या घरात. मोलकरीण कृष्णवर्णीय आहे. तिचे दर्शन आपल्याला पायांपासून फार तर खांद्यांपर्यंत होते. जाड पाय, घरात घालायच्या सपाता, एप्रन, कमरेवर टेकलेले हात. चेहरा चौकटीच्या वर राहतो. तिच्या तोंडची भाषा अशिक्षित उच्चारांची नक्कल करणारी आहे आणि तिला आवाज दिला होता लिलियन रँडॉल्फ ह्या अभिनेत्रीने, जिचे नाव श्रेयनामावलीत नाही. दिग्दर्शकांचे समर्थन असे करता येईल की उंदराच्या उंचीवरून जग पाहिले तर माणसाचे पायच दिसणार, आणि ते कलादृष्ट्या खोटे नाही. पण ज्या महिन्यात हा लघुपट आला त्याच महिन्याच्या अखेरीस, २९ फेब्रुवारी १९४० रोजी, 'गॉन विथ द विंड' मधील दाईच्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियल ह्यांना ऑस्कर मिळाले. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत. लॉस एंजेलिसच्या त्या हॉटेलात त्यांना सहकलाकारांबरोबर नव्हे, तर बाजूला भिंतीकडेच्या एका वेगळ्या मेजावर बसवण्यात आले होते. चौकटीत कोणाला घ्यायचे आणि कोठपर्यंत घ्यायचे, हा निर्णय केवळ कॅमेऱ्याच्या उंचीचा नव्हता.

ज्या घरावर ती एवढा हुकूम चालवते ते घर तिचे आहे काय? चित्रपट सांगत नाही. फुटलेल्या बशांसाठी ती बोक्याला हाकलते, पण तिलाही त्या बशांचा हिशेब कोणाला तरी द्यायचा असणार, असे मानायला जागा आहे. मालक दिसत नाही. त्याची गरजही पडत नाही, कारण त्याचा धाक पोहोचवण्याचे काम खालच्या पायरीवरच्या माणसाने अंगावर घेतलेले असते. उंदीर बोक्याला भितो, बोका मोलकरणीला, मोलकरीण त्या न दिसणाऱ्याला. आणि भीतीचा चेहरा म्हणून प्रेक्षकाच्या लक्षात राहतो तो मोलकरणीचा, तिला चेहरा दाखवलेला नसताना.

ज्या नगरात मी हे लिहीत आहे त्या नोएडात ह्या गोष्टीचे भाषांतर करावे लागत नाही. १७ एप्रिल १९७६ रोजी स्थापन झालेल्या औद्योगिक विकास प्राधिकरणाच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरे जोडून ह्या शहराचे नाव तयार झाले; गावाच्या नावाला असते तशी आख्यायिका त्याला नाही. वीस-पंचवीस मजली वसाहतींच्या फाटकावर सकाळी सहापासून कामवाल्या बायकांची रांग लागते. ओळखपत्र दाखवायचे, वहीत सही करायची, जाताना पिशवी उघडून दाखवायची. कित्येक इमारतींत त्यांच्यासाठी वेगळी लिफ्ट असते. पिशवी तपासणारा रखवालदार बिहारच्या किंवा बुंदेलखंडाच्या कोणत्या तरी खेड्यातून आलेला असतो, आणि पिशवी उघडणारी बाई बंगालातून किंवा पूर्व उत्तर प्रदेशातून. दोघे एकाच वस्तीत राहत असण्याचा संभव पुष्कळ. १५ व्या मजल्यावर दिवाणखान्यात मूल कार्टून पाहत असते. भारतात मुलांसाठी स्वतंत्र कार्टून वाहिनी १९९५ साली सुरू झाली, तेव्हापासून हे दृश्य मध्यमवर्गीय घरांत नित्याचे झाले. महाराष्ट्रातून नोकरीसाठी इकडे आलेल्या कुटुंबांना तर ह्या जोडीची सोय विशेष वाटते. तिला भाषा जवळजवळ नाही, म्हणून मराठी, हिंदी, इंग्रजी ह्यांचा तंटा नाही. पडद्यावर चेहरा नसलेली बाई केरसुणी घेऊन धावते, आणि पडद्यासमोरून दुसरी एक बाई फरशी पुसत सरकते. मूल मान वाकडी करून तिच्या पलीकडचे पाहण्याचा प्रयत्न करते. त्याचा काही दोष नाही.

२०१७ च्या जुलैमध्ये येथील एका वसाहतीत घरकाम करणारी एक बाई रात्री घरी परतली नाही. सकाळी तिच्या वस्तीतले लोक फाटकावर जमले, दगडफेक झाली, काचा फुटल्या. चोरीचा आळ, कोंडून ठेवल्याचा आरोप. दोन्ही बाजूंची हकीगत वेगळी होती. पुढे पोलिसांनी अटक केली ती वस्तीतल्या लोकांना. त्या दिवसांत ह्या नगरात जी चर्चा चालली ती बहुतांशी सुरक्षिततेची होती: फाटक कसे मजबूत करावे, कोणत्या प्रांतातल्या बायका ठेवू नयेत. ज्या हातांवर आपला रोजचा स्वयंपाक सोपवला त्यांचे एकाएकी भय वाटू लागले. भीष्मांच्या गोष्टीत परिघ जसा यमदूतासारखा दिसतो, तसेच काहीसे हे होते.

आता प्रश्न असा की, ज्यांनी ही चौकट आखली ते स्वतः कोठे उभे होते? बोका आणि उंदीर ह्यांची कल्पना व दिग्दर्शन विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा ह्या दोघा तरुणांचे. 'पुस गेट्स द बूट'च्या आरंभी मात्र त्यांचे नाव नाही. तेथे निर्माता म्हणून रुडॉल्फ आयझिंग ह्यांचे नाव आहे. लघुपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले, पारितोषिक गेले 'द मिल्की वे' ह्या त्याच कंपनीच्या, आयझिंग ह्यांच्याच लघुपटाला. पुढे १९४३ च्या 'द यांकी डूडल माऊस'पासून ह्या मालिकेने सात ऑस्कर मिळवली. व्यासपीठावर जाऊन ती स्वीकारण्याचा मान निर्माते फ्रेड क्विम्बी ह्यांचा असे. दिग्दर्शक खाली बसत. क्विम्बींना चित्रकला येत नव्हती, असे त्यांचे टीकाकार आवर्जून सांगतात. पण क्विम्बीही मालक नव्हते. १९५५ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९५७ मध्ये कंपनीने विभागच बंद केला. जुने लघुपट पुन्हा दाखवले तरी नव्यांइतकेच उत्पन्न येते, असा हिशेब वर कोणी तरी मांडला होता. बोक्याला बाहेर काढणारीलाही बाहेर काढणारे असतात, हे येथे चित्रपटाबाहेर घडून गेले.

हॅना-बार्बेराखाली आणखी मोठा समूह होता, आणि कार्टूनपटाचे खरे शरीर त्यांनीच घडवलेले असते. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. नऊ मिनिटांचा लघुपट धरला तर १२,९६० चौकटी झाल्या. एक चित्र दोन चौकटींना वापरण्याची काटकसर केली तरी एकेका पात्राची हजारो चित्रे लागतात, आणि भरधाव पाठलागात तीही काटकसर चालत नाही. बार्बेरा कथा रेखाटत, हॅना संगीताच्या मात्रांप्रमाणे तिची कालगणना बांधत: बोका किती चौकटी हवेत थांबेल, पेला किती चौकटींत खाली येईल. मग मुख्य चित्रकार हालचालीची प्रधान चित्रे काढत, त्यांच्यामधली चित्रे साहाय्यक भरत. ती सगळी पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईने गिरवून मागच्या बाजूने रंगवावी लागत. गिरवण्या-रंगवण्याच्या त्या विभागात त्या काळी प्रामुख्याने स्त्रिया असत, आणि श्रेयनामावलीत त्यांचे नाव येण्याचा प्रघात नव्हता. जॅस्परच्या अंगावरचा प्रत्येक करडा रंग कोणा स्त्रीच्या कुंचल्यातून उतरला आहे. मोलकरणीचा एप्रनही.

आपल्याकडेही आरंभ ह्याहून निराळा नव्हता. निर्जीव वस्तूला चालवून दाखवण्याचा भारतातील पहिला उद्योग दादासाहेब फाळक्यांचा. १९१२ च्या सुमारास वाटाण्याच्या अंकुराची वाढ त्यांनी थांबून थांबून एकेक चौकट घेत टिपली आणि १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' ह्या लघुपटात काड्यांना जिवंत केले. फाळक्यांचे नाव आज देशातल्या सर्वोच्च चित्रपट-पुरस्काराला आहे, आणि ते सर्वथैव उचित आहे. त्या काळात कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती रसायनांत धुण्यापर्यंतची कामे सरस्वतीबाई फाळके करीत, वर साऱ्या नटसंचाचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच असे. चरित्रकारांनी हे कौतुकाने लिहिले आहे, पण ते कौतुक गृहिणीच्या त्यागाचे आहे. तंत्रज्ञ म्हणून त्यांच्याकडे पाहायला आपल्याला बराच काळ लागला.

नावे केवळ विस्मरणाने गळतात असेही नाही, कधी ती हेतुपूर्वक बदलली जातात. १९६१-६२ मध्ये टॉम आणि जेरीचे तेरा लघुपट प्रागमध्ये, म्हणजे त्या वेळच्या साम्यवादी चेकोस्लोव्हाकियात, जीन डाइच ह्यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झाले. अमेरिकन प्रेक्षकाला हे कळू नये म्हणून चेक कलावंतांची नावे इंग्रजी वळणाची करण्यात आली. श्टेपान कोनीचेक 'स्टीव्हन' झाले, वाक्लाव लीडल 'व्हिक्टर लिटल' झाले. काम चालेल, नाव चालणार नाही, अशी ही अट होती. आणि ज्या हॅना-बार्बेरांचे नाव १९४० मध्ये गाळले गेले होते, त्यांनी विभाग बंद झाल्यावर स्वतःची कंपनी काढली, ती भरभराटीला आली आणि तिचे काम स्वस्त मजुरीच्या देशांकडे जाऊ लागले. ह्या पाठवणीविरुद्ध हॉलिवूडच्या चित्रकारांनी १९७९ मध्ये आणि पुन्हा १९८२ मध्ये संप केले. ह्यात कोणाला ढोंगी ठरवण्याचे कारण नाही. पलित उंदीरही सांगतोच की कार्य बदलले की नाते बदलते.

त्या पाठवणीच्या वाटेवर पुढे भारत आला. प्रथम मुंबई, हैदराबाद, तिरुवनंतपुरम, आणि नंतर दिल्लीच्या परिसरातली ही नवी नगरे. नोएडाच्या सेक्टर १६-अ मध्ये फिल्म सिटी आहे. पुढच्या सेक्टरांमध्ये काचेच्या इमारतींतून अ‍ॅनिमेशन शिकवणारे वर्ग आणि संगणकावर तुकड्या-तुकड्याने काम करून देणारी कार्यालये आहेत. आता सेल्युलॉइड नाही, शाई नाही. पण मधली चित्रे भरणे, पात्राचे सांधे बांधणे, कडा स्वच्छ करणे ही कामे आहेतच, आणि ती सेकंदांच्या हिशेबाने मोजली जातात. अलिगडचा किंवा गोरखपूरचा, क्वचित जळगाव-अमरावतीचाही मुलगा परदेशातील कोणा दिग्दर्शकाच्या पात्राचा डावा हात दोन सेकंद हलवतो. तो हात कोणत्या कथेत हलत आहे हे त्याला सांगितलेले असतेच असे नाही.

विजया मुळे ह्यांचा 'एक अनेक और एकता' (१९७४) ह्या संदर्भात आठवतो. मुंबईत जन्मलेल्या आणि दीर्घकाळ दिल्लीत काम केलेल्या ह्या बाईंनी भीमसेन ह्यांच्या साहाय्याने केलेल्या त्या लघुपटात पारधी आहे, जाळे आहे, आणि जाळे कुरतडणारे उंदीरही आहेत. मांजर मात्र नाही. उंदीर येथे सौदा करीत नाहीत, पक्ष्यांकडून काही मागत नाहीत. दुबळ्यांनी दुबळ्यांना सोडवले आहे. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी तो दूरदर्शनवर पाहिला. पारधी येथेही दुष्ट आहे आणि येथेही त्याचे पोट कशावर चालते हे विचारलेले नाही. तरीही शांतिपर्वाहून ही गोष्ट मला अधिक धाडसाची वाटते, कारण तिसऱ्याच्या भयावाचूनही सख्य होऊ शकते असे ती मानते. ते खरे आहे की नाही, हा प्रश्न पलिताने हसून बाजूला सारला असता.

लिलियन रँडॉल्फ ह्यांच्या आवाजातील ती मोलकरीण १९५२ पर्यंत मालिकेत राहिली. कृष्णवर्णीयांच्या संघटनांनी अशा चित्रणाविरुद्ध आवाज उठवला होता आणि तो रास्त होता. त्यानंतर, १९६० च्या दशकात, जुने लघुपट दूरचित्रवाणीसाठी दुरुस्त करताना काही ठिकाणी तिच्या जागी गोरी, सडपातळ स्त्री रंगवली गेली, काही ठिकाणी पाय तेच ठेवून आवाज तेवढा बदलला. अपमान पुसताना माणूसही पुसले गेले. तिचा चेहरा चाहत्यांना एकदाच सापडतो. १९५० च्या 'सॅटर्डे इव्हिनिंग पुस'मध्ये ती पत्त्यांचा डाव टाकून रस्त्याने घराकडे धावत येते, आणि त्या धावेत काही थोड्या चौकटींपुरते तिचे तोंड पडद्यावर येऊन जाते. चालत्या चित्रात ते डोळ्यांना पुरते लागत नाही. येथील वर्गांत धावण्याची कालगणना शिकवण्यासाठी जुने लघुपट एकेक चौकट पुढे सरकवून दाखवतात. तसा तो दाखवला तर त्या चौकटी समोर येतात, मग दार उघडते, आणि पुन्हा पाय.